रविवारची झडती

दिल्लीच्या द्वारका भागातल्या एका सोसायटीत, चौथ्या मजल्यावर, दर रविवारी सकाळी साडेनऊला अतुल रामटेकेची झडती होत असे. चहा संपला की मीराबाई कप उचलता उचलता म्हणायच्या, "उन्नती, बघून घे गं तेवढं," आणि उन्नती उठायची. शेजारपाजारच्या घरांत त्या वेळेला पराठे होत. या घरात पोहे होत आणि तेही झडतीनंतर, कारण दादारावांच्या मते रिकाम्या पोटी काम चोख होतं.

उन्नती ही दादाराव आणि मीराबाईंची थोरली. वय सदतीस, पोलिसात हेड कॉन्स्टेबल. अतुल तिच्याहून चार वर्षांनी लहान आणि सात वर्षांपूर्वीपर्यंत स्मॅकवर. मुंबईकडे ज्याला गर्द म्हणतात तेच. घरातला मिक्सर, इस्त्री, भरलेला सिलिंडर आणि दादारावांना निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं घड्याळ एवढं सगळं धुरावाटे गेल्यावर तो नशामुक्ती केंद्रात गेला आणि बरा होऊन परत आला. सोडताना तिथल्या डॉक्टरनं आईवडिलांना बजावलं, "घर में नज़र रखिएगा." दादारावांनी तीस वर्षं एका मंत्रालयात काढली होती, शेवटची नऊ सेक्शन ऑफिसर म्हणून. नजर ठेवायची तर तिचा वार ठरलेला असावा, वेळ ठरलेली असावी आणि जबाबदार व्यक्ती एकच असावी, असं त्यांनी ठरवलं. जबाबदार व्यक्ती घरात आयतीच होती. सरकार तिला याच कामाचा पगार देत होतं.

ते खोटंही नव्हतं. कायद्यानं बाईची झडती बाईनंच घ्यायची आणि ठाण्यात बायका मोजून चार. त्यामुळे कुठंही धाड पडली आणि आत बाई निघाली की उन्नतीला बोलावणं यायचं. नोकरीच्या तेरा वर्षांत तिनं अंबाड्यातून, पेटीकोटच्या नेफ्यातून, तान्ह्या पोराच्या लंगोटातून आणि दुमडलेल्या रेशनकार्डातून पुड्या काढल्या होत्या. माल कुठं ठेवलाय हे तिला बाईच्या उभं राहण्यावरून कळायचं. तीच नजर घेऊन ती अतुलच्या खोलीत शिरायची. गादी उलटायची, बुटांचे तळ काढायची, पुस्तकं झटकायची. अतुल हात वर करून दाराशी.

"हुजूर, वारंट?"

"गप उभा राहा."

"लेडीज पोलिसनं जेन्ट्सची झडती घेतलेली चालते का पण?"

"तुला जेन्ट्स कोण म्हणतंय?"

स्वयंपाकघरातून मीराबाईंचं हसू ऐकू यायचं. ते हसू उन्नतीला टोचायचं. तिच्या बोलण्यावर आई हसायची हे खरं, पण त्यासाठी समोर अतुल असावा लागायचा.

मत्सर हा शब्द उन्नतीनं वापरला नसता. दिल्लीत वाढल्यामुळे तिच्या मराठीतून असे बरेच शब्द गळून गेले होते. उरलेल्यांत 'जळणं' होतं आणि तिचं तेवढ्यावर भागत होतं. भाऊ शाळेत पहिला येतो म्हणून जळणारी बहीण समजू शकते. पण शाळेत पहिली उन्नतीच यायची. अतुल गणितात दोनदा राहिला होता. तो आधी बिघडला आणि मग सुधारला, आणि एवढ्या दोन कामांत त्यानं जे मिळवलं ते तिला न बिघडता सदतीस वर्षांत जमलं नव्हतं.

त्याला पकडलं तो दिवस तिला पाठ होता. दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत, चार पुड्यांसकट. तिथल्या अधिकाऱ्याला कळलं की पोराची बहीण खात्यातली आहे. त्यानं उन्नतीला फोन करून बोलावलं, चहा मागवला आणि हळहळून म्हणाला, "लड़का अच्छे घर का है, मैडम. संगत बिगड़ गई." केस झाली नाही. संध्याकाळी ठाण्याच्याच गाडीतून अतुलला केंद्रावर पोचवण्यात आलं आणि वाटेत त्याला उलटी झाली तेव्हा हवालदारानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

त्याच आठवड्यात उन्नतीनं मंडीमागे सुमित्रा नावाच्या एका बाईची झडती घेतली होती. एक पुडी. सुमित्रा सांगत होती की नवऱ्यानंच लावलं, आधी त्याच्यासाठी आणायची, मग त्याच्याबरोबर ओढायला लागली, आता तो कुठंय ठाऊक नाही. ठाण्यात तिला चहा कुणी विचारला नाही. "औरत होकर!" एवढं मात्र तिघा-चौघांनी विचारलं. ती जेलमध्ये गेली. पंचनामा उन्नतीच्या हातचा होता, स्वच्छ अक्षरात. लिहिताना तिला एक गोष्ट समजली. मुलगा पुडीसकट सापडला तर तो अच्छे घर का लड़का असतो आणि त्याची संगत वाईट असते. बाई सापडली की तिचं घर अच्छं नव्हतंच, असा शोध लागतो.

तर अतुल बरा झाला. बरं होणाऱ्यांचा एक गट असतो, दर आठवड्याला जमतो, आणि नशा सोडल्याच्या तारखेला ते लोक 'बर्थडे' म्हणतात. अतुलचा बर्थडे बारा नोव्हेंबर. मीराबाईंनी ती तारीख जन्मतारखेच्या वर नेऊन ठेवली. त्या दिवशी सांभारवडी, वडाभात, केक, नागपूरहून मावशीचा फोन. उन्नतीचा खराखुरा वाढदिवस सोळा नोव्हेंबरला येतो. चार दिवसांच्या फरकासाठी दोन केक कशाला, म्हणून तिसऱ्या वर्षापासून केक एकच झाला. वर मोठ्या अक्षरात 'अतुल' आणि आकडा; खाली, क्रीम उरलं असेल त्या मानानं, 'उन्नती'. गेल्या वर्षी 'उन्न'पाशीच संपलं होतं.

तो आता त्याच केंद्रात समुपदेशक होता. शाळा-कॉलेजांतून भाषणं द्यायचा. जूनमधल्या नशाविरोधी दिनाला उन्नतीच्याच ठाण्यानं त्याला मंचावर बोलावलं होतं, आणि त्याच्या गळ्यात घालायचा हार तबकात धरून उन्नती वर्दीत बाजूला उभी होती. शिवाय त्याचं लग्न ठरत होतं. मुलगी वैभवी, मूळ वर्ध्याची, नोएडात एका वाहिनीच्या ऑफिसात नोकरीला. तिला त्याचं सगळं माहीत होतं आणि त्या सगळ्यासकट तो आवडला होता. उन्नतीला स्थळं यायची तेव्हा लोक विचारायचे, भाऊ काय करतो. भाऊ सुधारल्यावर तेच लोक विचारायला लागले, मुलीचं वय काय.

घराला खोल्या दोन. एकीत आईवडील, दुसरी अतुलची. केंद्रातून आल्यावर त्याला शांतता हवी होती. उन्नती हॉलमध्ये दिवाणावर झोपायची. तिला शांतता कशाला हवी? तिला काही झालं नव्हतं.

तिला झालं होतं ते सहा वर्षांपूर्वी. एका मोर्चाच्या बंदोबस्तात गर्दी रेटली आणि लोखंडी बॅरिकेड तिच्या पाठीवर पडलं. सरकारी डॉक्टरनं दहा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या, ट्रमाडॉल नावाच्या, आणि आराम सांगितला. आरामाला खात्यात माणूस नव्हता. गोळ्यांना काही अडचण नव्हती. बारा तास उभं राहायचं तर सकाळी एक आणि दुपारी एक. गोळीनं पाठ थांबायची, भूक थांबायची आणि पोटाचंही बरंच काही थांबायचं. रस्त्यावरच्या ज्या पिकेटवर बाईसाठी संडास नाही आणि म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत, तिथे डॉक्टर ज्याला दुष्परिणाम म्हणतात ती सोय असते. अकराव्या दिवशी ती दुसऱ्या सेक्टरातल्या औषधाच्या दुकानात गेली. दुकानदारानं चिठ्ठी मागितली नाही. तिच्या अंगावर वर्दी होती. त्यापेक्षा मोठी चिठ्ठी त्यानं पाहिली नव्हती.

आता दिवसाला दहा-बारा लागत. पाठ कधीच बरी झाली होती. गोळ्या संपल्या की नाक गळायचं, जांभया सुटायच्या, पायांतून मुंग्यांची रांग चालायची. अतुलला असंच बाथरूमच्या फरशीवर लोळताना तिनं पाहिलं होतं, आणि आईनं त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याच्या केसांतून रात्रभर हात फिरवलेला पाहिला होता. तिच्यावर ती वेळ एका दिवाळीत आली, दुकान दोन दिवस बंद होतं तेव्हा. मीराबाईंनी कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "सर्दी झालीय. हळदीचं दूध घे. आणि अतुललाही एक कप दे, त्याला लागेल नाहीतर."

सांगून टाकावं असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. ठाण्यातच उदाहरण होतं. धीरज नावाचा तिच्याच हुद्द्याचा एक जण दारू पिऊन ड्युटीवर पडला, तर साहेबांनी त्याला आपल्या सहीनं रजा देऊन केंद्रावर पाठवलं, "टेन्शन बहुत है बेचारे को." परत आला तेव्हा मिठाई वाटली. उन्नतीनं बर्फी खाल्ली आणि विचार केला. धीरजला टेन्शन होतं. तिच्या बाबतीत ठाण्याला काय सापडेल हे तिला सुमित्राच्या पंचनाम्यापासून माहीत होतं.

राहिला प्रश्न गोळ्या ठेवायच्या कुठं याचा. तिची स्वतःची जागा म्हणजे आईच्या कपाटातले दोन कप्पे, आणि मीराबाई ते कपाट दिवसाआड लावायच्या. ठाण्यातल्या लॉकरची किल्ली चौघींत एक. तेरा वर्षं दुसऱ्यांच्या लपवण्याच्या जागा उघड्या पाडून तिला एवढं कळलं होतं की कुठलीच जागा झडतीतून सुटत नाही. आणि मग तिला तिच्या व्यवसायातल्याच बाईला सुचावं ते सुचलं. झडती घेणारी जर एकच असेल, तर ती ज्या जागेची झडती घेते ती जागा सगळ्यात सुरक्षित.

अतुलच्या खिडकीच्या पडद्याची दांडी स्टीलची, पोकळ. टोकाचं बोंडूक फिरवलं की निघायचं. उन्नती पाकिटं छोट्या कात्रीनं दोन-दोन गोळ्यांच्या तुकड्यांत कापायची, कडा टोचू नयेत म्हणून दुमडायची आणि टिश्यूत गुंडाळून आत सरकवायची. दर रविवारी साडेनऊला ती अतुलला दाराबाहेर तोंड करून उभं करायची, आठवड्याचा नवा माल आत ठेवायची, लागेल तेवढा काढून घ्यायची आणि बाहेर येऊन सांगायची, "काही नाही." ते ऐकून मीराबाई कढईत मोहरी टाकायच्या. साडेतीन वर्षं यात एकदाही चूक झाली नाही.

चूक पुढे झाली ती पडदे धुण्याची. सातव्या बर्थडेला वैभवी आईवडिलांना घेऊन येणार होती, रविवारी संध्याकाळी. शनिवारी दुपारी मीराबाई स्टुलावर चढल्या आणि त्यांनी अतुलच्या खोलीतला पडदा दांडीसकट खाली ओढला. बोंडूक सैल होतं.

उन्नतीला फोन आला तेव्हा ती पिकेटवर होती. "लगेच ये," एवढंच दादाराव म्हणाले. ती चार वाजता वर्दीतच घरी पोचली. हॉलमधल्या टेबलावर पुऱ्यांची परात ठेवली होती आणि तिच्यात टिश्यूतून सोडवलेल्या गोळ्यांचे तुकडे, निवडायला घेतलेल्या तांदळासारखे पसरलेले. एका बाजूला दादाराव, हातात फोन. दुसरीकडे मीराबाई, डोळे सुजलेले. मधल्या खुर्चीत बनियनवर अतुल.

"बघ," मीराबाई म्हणाल्या. "तुझं काम आहे ते. बघ आणि सांग कसल्या आहेत."

उन्नतीनं एक तुकडा उचलून पाहिल्यासारखं केलं. "दुखण्याच्या."

"कुणाच्या दुखण्याच्या?" दादाराव म्हणाले. "या घरात कुणाला दुखणं आहे?"

यावर उन्नतीला काही बोलता आलं असतं. परातीकडे पाहताना तिच्या मनात आधी आलं की वाचले, आणि मग लगेच, त्याच्या पाठोपाठ, काहीतरी कडवट. घरात गोळ्या सापडतात आणि चौघांपैकी तिघं एकाच खुर्चीकडे पाहतात. ती सहा वर्षं या घरात दिवसाला बारा गोळ्या खात होती आणि शंका घेण्याइतकंही लक्ष तिच्याकडे कुणाचं गेलं नव्हतं.

"बाबा, टेस्ट करा ना माझी," अतुल शांतपणे म्हणाला. "आत्ता चलतो."

"टेस्टचं नाव काढू नकोस."

यामागे इतिहास होता. आठ वर्षांपूर्वी अतुलनं लघवीच्या तपासणीला दादारावांची बाटली नेऊन दिली होती. अहवालात नशा निघाली नव्हती. साखर निघाली होती. घर आठवडाभर अतुलच्या मधुमेहाची काळजी करत होतं.

"मी वैभवीच्या वडिलांना फोन करतोय," दादाराव म्हणाले. "लपवून लग्न लावायचं नाही. आणि सोमवारी तुझ्या केंद्रात मी स्वतः जाऊन सांगणार. तू काय तोंडानं त्या पोरांना शिकवतोस?"

"अहो, थांबा जरा," मीराबाई म्हणाल्या. "अतुल, खरं सांग रे. काहून केलंस असं?" माहेरचा, वर्ध्याकडचा हा शब्द त्यांच्या तोंडात फक्त रडू आल्यावर यायचा.

अतुलनं परातीतून एक तुकडा उचलला. उलटा केला. नाव वाचलं. मग कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. कड आत दुमडलेली होती, एकसारखी, पट्टी लावल्यासारखी. लहानपणी उन्नती त्याच्या शाळेच्या वहीत चित्रं कापून चिकटवून द्यायची, ती अशीच. त्यानं वर पाहिलं. बहीणभावांची नजर क्षणभर एकमेकांत अडकली आणि उन्नतीला कळलं की त्याला कळलं.

"माझ्याच आहेत," अतुल म्हणाला.

मीराबाईंनी हुंदका दिला आणि उठून त्याचं डोकं दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. "असू दे. असू दे रे माझ्या राजा. पुन्हा एकपासून मोजू. सातचं एक करू. मी आहे ना." त्यांचा हात त्याच्या केसांतून फिरायला लागला. दादारावांनी चष्मा काढला आणि फोनवर वैभवीच्या वडिलांचा नंबर शोधू लागले. त्यांचेही डोळे भरले होते.

उन्नती वर्दीत, दाराशी. तिची पाठ, तिची सहा वर्षं, तिच्या गोळ्या. आणि आईच्या पोटाशी डोकं अतुलचं. ते त्याला इतकं सहज मिळालं, मागितलंसुद्धा नव्हतं.

"त्या माझ्या आहेत," ती म्हणाली.

पुढे नातेवाइकांत हे वाक्य बहिणीचा मोठेपणा म्हणून सांगितलं गेलं. प्रत्यक्षात ते आपली बाहुली दुसऱ्याच्या हातात पाहून पोरगी किंचाळते त्या आवाजात आलं होतं. पण त्यानं काही बिघडलं नाही, कारण कुणी विश्वासच ठेवला नाही.

"तू मध्ये पडू नकोस," दादाराव म्हणाले. "मागच्या वेळीही तूच सोडवून आणलंस."

"बहीण आहे, बोलणारच," मीराबाईंनी अतुलच्या डोक्यावरूनच सांगितलं. "तू जा, तोंड धुऊन घे. दमून आलीस."

"आई, मी खाते त्या. मी."

"तू पोलिसात आहेस उन्नती," दादाराव म्हणाले. जणू तेवढ्यानं प्रकरण मिटलं.

"ताई, जाऊ दे ना," अतुल हळूच म्हणाला.

हे 'जाऊ दे' तिला सहन झालं नाही. तिनं टोपी टेबलावर ठेवली. "बाबा, फोन ठेवा. कागद घ्या, पेन घ्या. पंचनामा करायचा. अतल्या, तू पंच. आई, इकडे ये."

"मी काय करू?"

"झडती घे. बाईची झडती बाईनंच घ्यायची असते. या घरात दुसरी बाई तूच आहेस."

मीराबाईंना काही कळेना, पण ठाण्यातला आवाज त्यांनी प्रथमच ऐकला होता आणि त्या उठल्या. उन्नती ज्या स्टुलावरून पडदा काढला त्याच स्टुलावर पाठ करून बसली आणि म्हणाली, "केस सोड."

वर्दीतल्या बायका अंबाड्यावर काळी जाळी लावतात. मीराबाईंनी जाळीच्या पिना एकेक काढल्या. केस ओढला जाऊ नये याची काळजी त्या घेत होत्या. उन्नतीची वेणी त्यांनी शेवटची सातवीत घातली होती. मग अतुल आजारी पडायला लागला, टॉन्सिल, आणि उन्नती आपली आपण शिकली. जाळी निघाली, अंबाडा उलगडला आणि त्यांच्या तळव्यावर काहीतरी पडलं. दुमडलेल्या कडांचे तीन तुकडे.

खाली सोसायटीच्या फाटकाशी गार्डनं शिट्टी वाजवली.

"किती?" दादारावांनी सवयीनं विचारलं. पेन हातात तसंच होतं.

"सहा," उन्नती म्हणाली. "लिहा. अंबाड्यातून."

दादारावांनी लिहिलं नाही.

"कधीपासून?" मीराबाई मागूनच म्हणाल्या.

"बॅरिकेड पडलं तेव्हापासून."

"सहा वर्षं? अगं, मी घरातच होते ना."

"मी पण होते."

मीराबाईंनी तळवा मिटला. मग त्यांनी विचारलं, "अतुलला माहीत होतं?"

उन्नतीला हसू आलं. सहा वर्षं झाकलेलं उघड झालं होतं, केस मोकळे सोडून ती स्टुलावर बसली होती, आणि आईला विचारायचं होतं ते अतुलबद्दल.

"आत्ता कळलं," अतुल म्हणाला. "कडा बघून."

"मग माझ्या म्हणून कशाला सांगितलंस, गाढवा?"

"मला काय, सवय आहे. सातचं एक झालं असतं. तुझी नोकरी जाईल यार."

"तुझं लग्न गेलं असतं."

"वैभवीला सांगितलं असतं खरं."

"सगळ्यांना सांगायचं तुला बरं जमतं. माझं एखादं काहीतरी माझं राहू दे की."

तेव्हा मीराबाई मागे उभ्या होत्या आणि त्यांचा दुसरा हात उन्नतीच्या केसांत होता, तो त्यांनी काढला नव्हता. उन्नती मान न हलवता बसून राहिली. हललं की काढतील अशी तिला भीती वाटली.

रविवारी बर्थडे झाला. वैभवीचे आईवडील सांभारवडीचं कौतुक करून गेले. केकवर 'अतुल ७' होतं आणि खाली 'उन्नती' पूर्ण अक्षरांत. केकवाल्यानं या खेपेला क्रीम सढळ हातानं घेतलं होतं.

गुरुवारी ती नशामुक्तीच्या दवाखान्यात गेली. बायकांसाठी गुरुवार, बारानंतर. पुरुषांसाठी रोज, आणि चाळीस खाटा. महिला वॉर्डाचीही पाटी होती. आत पुरुष वॉर्डाच्या जुन्या गाद्या रचून ठेवल्या होत्या. रजेच्या अर्जात उन्नतीनं 'पाठदुखी' लिहिलं होतं आणि साहेबांनी वर न बघता सही केली होती. पाठदुखी बाईला शोभते. अर्जाच्या खिडकीवरच्या कारकुनानं सांगितलं की महिला रुग्णाबरोबर घरचा पुरुष हवा, त्याची सही लागते. पुरुष रुग्णाबरोबर कोण लागतं असं उन्नतीनं विचारलं. "वो तो ख़ुद आ जाता है," तो म्हणाला.

घरचा पुरुष मागे उभा होता. त्याला पाहून कारकून खुर्चीतून उठला. "अरे अतुल भाई! आप! किस पेशंट को लाए?" त्यानं अतुलच्या मागे, बाकांवर, दारापर्यंत नजर टाकली. पेशंट दिसेना.

"ये मेरी दीदी हैं."

"हाँ हाँ, नमस्ते दीदी. पेशंट कहाँ है?"

उलगडा झाल्यावर कारकुनानं अतुलसाठी चहा मागवला. सही होईपर्यंत तो मान हलवत राहिला आणि शेवटी उन्नतीला म्हणाला, "क़िस्मत वाली हैं आप. भाई हो तो ऐसा." उन्नतीनं अतुलची सही पाहिली. लफ्फेदार, शेवटी एक रेघ. तिच्या बरं होण्याच्या पहिल्याच कागदावर नाव त्याचं मोठं होतं.

डॉक्टरनं मात्र कारकुनासारखी मान हलवली नाही. गोळ्या एकदम तोडायच्या नाहीत, त्यांची जागा घेणारं औषध देतो, दर आठवड्याला यायचं, असं सांगितलं. आणि निघताना तेच वाक्य, "घर में नज़र रखिएगा." दादारावांनी वार तोच ठेवला. जबाबदार व्यक्ती मात्र बदलली. नियम नियम असतो.

पुढच्या रविवारी साडेनऊला उन्नती अतुलच्या खोलीत, म्हणजे आता तिच्या खोलीत, हात वर करून उभी होती. अतुलची रवानगी हॉलमधल्या दिवाणावर झाली होती. तिच्या पायांत मुंग्या होत्या आणि अंगाला घाम, पण उभं राहायची तिला तेरा वर्षांची सवय होती. मीराबाईंना या कामातलं काही येत नव्हतं. त्यांनी चष्मा लावला. गादी उलटायच्या ऐवजी तिच्यावरची चादर बदलली. कपाटातला एकेक कपडा काढला, उलगडला, उजेडात धरला. एका कुर्त्याची शिवण उसवलेली निघाली ती बाजूला ठेवली. जुनं गुणपत्रक सापडलं ते उभ्यानं वाचलं, सगळे विषय. "ही पहिली आली होतीस ती ना गं?" बूट पुसून ठेवले. मग तिच्यामागे येऊन पिना काढल्या, केस मोकळे केले, बोटांनी टाळूपर्यंत चाचपलं, आणि काही सापडलं नाही तरी चाचपतच राहिल्या.

पाऊण तास झाला. पोह्यांचा पत्ता नव्हता. दादाराव हॉलमधून दोनदा खाकरले.

अतुल दाराच्या चौकटीला टेकून बघत होता. "आई, माझी तर ताई दहा मिनिटांत उरकायची," तो म्हणाला. "आणि माझं गुणपत्रक कधी वाचलंस तू?"

तो हसत म्हणाला, पण हसण्याच्या खाली जे होतं ते उन्नतीनं तेव्हाच ओळखलं. त्या वस्तूची तिला चांगली पारख होती.

"गप उभा राहा," ती म्हणाली. आणि आईला नीट शोधता यावं म्हणून मान थोडी खाली केली.